देवरे नाना आणि पाचखणी रेघ

देवरे नानांच्या कॉम्प्युटरवर एक चिठ्ठी चिकटवलेली असे. ‘चालू आहे. हात लावू नये.’ बंद पडलेल्या लिफ्टवर चिठ्ठी लावतात, गळक्या नळावर लावतात. चालू असलेल्या वस्तूवर धोक्याची सूचना लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी पुण्याहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आले होते, कागदोपत्री त्यांची वरिष्ठ म्हणून लागले होते, आणि ती चिठ्ठी पाहूनच मला वाटलं, हा माणूस आपल्याला त्रास देणार. अंदाज बरोबर निघाला.

पहिल्याच सकाळी त्यांनी मला खुर्चीत बसवलं, स्क्रीनवर एक ओळ आणली आणि म्हणाले, "ताई, वाचा."

ओळ होती : ‘त्र्यंबक तात्यांच्या द्राक्षांवर स्वच्छ ऊन पडू द्या.’

मी मनात वाचली आणि मान हलवली.

"मोठ्यानं."

मोठ्यानं वाचली.

"कुठं अडखळलात?"

"नाही."

"मग चालू आहे," असं म्हणून ते चहाला निघून गेले. मला मराठी येतं की नाही हे तपासलं गेलं, अशी माझी समजूत झाली आणि मी दिवसभर फुगून बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ, पुन्हा "वाचा". तिसऱ्या दिवशीही तेच. शाळेत प्रार्थनासुद्धा मी इतक्या नेमानं म्हटली नव्हती.

आमचं ऑफिस नाशिक रोडहून एकलहऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर. खाली पाइपांचं दुकान, वर आम्ही. खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, पण इमारतीचं वायरिंग असं की वरच्या मजल्यावर कोणी पाणी तापवायला लावलं की आमचे पंखे थांबतात. काम म्हणाल तर द्राक्षबागांतल्या हवामान यंत्रांचे आकडे गोळा करायचे, पानं किती वेळ ओली राहिली, हवेत दमटपणा किती होता हे बघायचं, आणि दर आठवड्याला शेतकऱ्यांना एक पत्रक पाठवायचं. पत्रकावर एक आलेख असतो आणि आलेखात दोन रेघा. एक डावणीची, एक भुरीची. हे दोन्ही द्राक्षावरचे रोग. ज्या दिवशी रेघ वर जाते, त्याच्या आत फवारणी करायची. गावोगावी हे पत्रक काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर भिंतीला लागतं, म्हणून रंगांवर भरवसा ठेवता येत नाही. रेघेच्या टोकाला तिचं नाव मराठीत लिहिलेलं असावं लागतं. या नावावरच सगळं चालतं, आणि हे नाव आलेखावर आणण्याचं काम अख्ख्या ऑफिसात फक्त नानांना जमत होतं.

आकडे चाळून आलेख काढणारं आमचं सॉफ्टवेअर तसं हुशार. हजारो नोंदी दिल्या तर चुटकीसरशी रेघ काढून देतं. पण त्याला मराठी लिहायला सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. नाना त्याला मराठीत आणायचे, आणि आणताना स्वतः अहिराणीत बोलायचे. ते सटाण्याकडचे. माणसांशी साधं मराठी, साहेबांशी दोन इंग्रजी शब्द टाकून मराठी, आणि मशीनशी फक्त अहिराणी, अशी त्यांची वाटणी होती. एकदा ते स्क्रीनकडे बघून हळू आवाजात म्हणत होते, "काय शे रे तुले? तुले काय जोयजे?" तेवढ्यात मागून आलेले साहेब म्हणाले, "काही नको, मी आपला सहज आलो होतो."

नाना मूळचे छापखान्यातले. सटाण्याच्या एका छोट्या छापखान्यात त्यांनी ऐन उमेदीची वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवण्यात घालवली. लग्नपत्रिका, यात्रेच्या जाहिराती, भांडीवाल्याची दरपत्रकं. पुढं छापखान्यात कॉम्प्युटर आला, नाना त्यावर बसले. मग छापखानाच बंद झाला आणि नाना आमच्याकडे ‘मराठी टायपिंग’ या पदावर आले. आलेख त्यांच्या गळ्यात कधी पडले हे कोणालाच आठवत नाही. डिग्री नव्हती, इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, पण चूक दाखवणारा संदेश स्क्रीनवर आला की आम्ही सगळे ‘ओके’ दाबून पळ काढायचो आणि हा माणूस तो शेवटपर्यंत वाचायचा. बोट ठेवून, शब्द लावून. त्यांचं सगळं ज्ञान या एका सवयीतून आलेलं होतं असं मला आता वाटतं.

खिळे उलटे असतात, त्यामुळं नानांना उलटं वाचायची सवय. टेबलापलीकडं बसून ते समोरच्याचा कागद सरळ असल्यासारखा वाचत. हे साहेबांना ठाऊक नव्हतं. एका मीटिंगमध्ये साहेब आपल्या वहीत काहीतरी टिपून घेत होते. नाना अगदी आदरानं म्हणाले, "साहेब, ‘देवरे फार बोलतात’ यातला ‘ल’ पुसट आलाय. गिरवून घ्या." साहेबांनी वही मिटली. पुढं ते नानांसमोर हाताचा आडोसा करून लिहायचे, परीक्षेत शेजारच्यापासून लपवतात तसे.

नानांचा एक नियम होता : छाटणी ते काढणी, नवीन काही नाही. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी झाली की बागेतला माल निघेपर्यंत ऑफिसातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर एकही सॉफ्टवेअर बदलायचं नाही. हंगामात कोणी फवारणीचा पंप खोलून बसतो का, असं ते विचारायचे. त्यांच्याकडं एक लांबट वही होती. कोणत्या मशीनवर कोणती आवृत्ती, त्यात कोणता फॉन्ट, कोणत्या फोल्डरात, सगळं जांभळ्या शाईत. नवी आवृत्ती आल्याचा निरोप स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज यायचा आणि नाना रोज तो माशी हाकलल्यासारखा हाकलायचे.

मला हे अडाणीपणाचं वाटायचं. खरंच वाटायचं. जग कुठं चाललंय आणि आम्ही जुन्या आवृत्तीला चिकटून बसलोय, असं मी घरी जेवताना सांगायचे.

मग त्या नोव्हेंबरात नाना दोन दिवस सप्तशृंगीच्या गडावर गेले. ढगाळ हवा होती, पत्रक शुक्रवारी सकाळी जायचं होतं. कोपऱ्यात तो निरोप आला आणि मी ‘होय’ दाबलं. काही बिघडलं नाही. सगळं झकपक दिसायला लागलं, आलेख पूर्वीपेक्षा लवकर निघाला. तात्यांच्या द्राक्षांची ओळ मी वाचली नाही, कारण वाचायला लावणारं कोणी समोर नव्हतं. आलेख न उघडताच शेतकऱ्यांच्या फोनवरच्या गटात टाकून दिला आणि स्वतःवर खूश होऊन चहा घेतला.

दहा मिनिटांत फोन सुरू झाले.

"मॅडम, आज कोडं घातलं का?"

"ताई, ह्ये विटांचं चित्र कशाचं हाय?"

मी आलेख उघडला. रेघा जागच्या जागी होत्या. जिथं जिथं मराठी अक्षर असायला हवं, तिथं तिथं एक छोटी रिकामी चौकट. वर चौकटी, खाली वारांच्या जागी चौकटी, रेघेच्या टोकाला चौकटी. दोनातली एक रेघ शनिवारी छताला जाऊन टेकली होती, आणि ती डावणीची की भुरीची हे सांगायची सोय नव्हती. दोन्हींची औषधं वेगळी. मी जुनी आवृत्ती परत घालायला गेले तर ती येईना. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपल्या आलेखावर माणसं खरोखर पंप भरतात.

मी नानांना फोन लावला. ते पायऱ्यांवर होते. मी रडकुंडीला येऊन सांगायला लागले, त्यांनी मध्येच थांबवलं. "मला आलंय पत्रक. बघतो. ठेवा." पाच मिनिटांनी गटावर त्यांचा आवाजी निरोप आला. मागं घंटा वाजत होती, आणि नानांना दम लागला होता.

"दादाहो, घाबरू नका. चौकटी मोजा. प्रत्येक अक्षराला एक आणि काना, उकार, वेलांटीला एकेक चौकट धरा. डावणी म्हणजे ड, काना, व, ण, वेलांटी. पाच. भुरी म्हणजे भ, उकार, र, वेलांटी. चार. पाच खणांची रेघ ती डावणी, चार खणांची ती भुरी. खाली डावीकडून पहिला सोमवार. पाचखणी शनिवारी चढतेय. आजच उरकून घ्या."

उरकून घेतलं लोकांनी. एकाही माणसानं चुकीचं औषध मारलं नाही. झेरॉक्सच्या दुकानापुढं म्हातारे चौकटींवर बोट ठेवून मोजत होते, असं नंतर कळलं. त्या दिवसापासून डावणीला आमच्या भागात ‘पाचखणी’ हे नाव पडलं, ते अजून आहे. "नाना, पाचखणी काय म्हनती?" असे फोन यायला लागले. मी आयुष्यात शेतीशास्त्राला दिलेली ही एकमेव भेट.

सोमवारी नाना आले. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. मला खुर्चीत बसवलं, ती ओळ आणली. नुसत्या चौकटी.

"वाचा."

"नाना, काय वाचू? चौकटी आहेत."

"जेवढं दिसतंय तेवढं वाचा. मोठ्यानं."

"चौकट," मी म्हटलं. "चौकट. चौकट. चौकट." अख्खी ओळ वाचून घेतली माझ्याकडून. सगळं ऑफिस काम सोडून ऐकत होतं. शेवटच्या चौकटीला माझा आवाज चिरकला, तेव्हा ते म्हणाले, "आता चहा घ्या."

चहा झाल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं. खिळ्यांची लाकडी पेटी असते, तिला खण असतात. एका खणात ‘क’चे खिळे, दुसऱ्यात ‘ख’चे. जुळवताना हात खणात गेला आणि खण रिकामा निघाला, तर अक्षर कुठून आणणार? "हे मशीन प्रामाणिक आहे, ताई. ते खोटं अक्षर लावत नाही. खण रिकामा आहे, तर रिकामा खणच दाखवतं." नानांनी मराठी फॉन्ट सॉफ्टवेअरच्या आतल्या फोल्डरात ठेवला होता, आणि नवी आवृत्ती बसताना ते फोल्डरच झाडून पुसून गेलं होतं. एवढी साधी गोष्ट. दोन वर्षं पुण्यात शिकून मला ती कोणी सांगितली नव्हती.

आम्ही फॉन्ट परत ठेवला. चौकटी तशाच. मी म्हटलं, फॉन्ट खराब असेल. नाना म्हणाले, "नाही. ह्यानं मागची यादी धरून ठेवलीय." सॉफ्टवेअर दर वेळी फॉन्ट शोधत बसत नाही, एकदा शोधून यादी करून ठेवतं आणि मग तीच बघत राहतं. मुलगा वर्गात येऊन बसलाय, पण हजेरीत नाव नाही म्हणून मास्तर त्याला गैरहजर मांडतात, तशातला प्रकार. नानांनी ती यादीची फाइल शोधून काढली आणि उडवली. "जुनी यादी फेका. निम्मे रोग तिथंच बरे होतात," हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते कॉम्प्युटरपुरतं नव्हतं. ऑफिसातल्या दोघांचं तीन वर्षांचं भांडण त्यांनी हेच वाक्य सांगून मिटवलं होतं.

यादी उडाल्यावर अक्षरं आली, पण दारू प्यायल्यासारखी. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडं यायची ती उजवीकडं, जोडाक्षरं फुटलेली, ‘द्राक्ष’ शब्दाचे चार तुकडे. अक्षरं एकमेकांत जुळवणारा प्रोग्रॅमचा एक वेगळा तुकडा नानांनी जुन्या आवृत्तीला कुठूनसा मिळवून जोडला होता. नव्या आवृत्तीशी त्याचं जमेना. शेवटी नानांनी कपाटातून एक जुना कॉम्प्युटर बाहेर काढला. त्याचं नाव ‘म्हातारी’. तिच्यात जुनी आवृत्ती, जुना तुकडा, सगळं जपून ठेवलेलं. तिचा पंखा गिरणीसारखा वाजायचा, पण तात्यांच्या द्राक्षांची ओळ तिनं पहिल्या झटक्यात बिनचूक काढली. नानांनी आपली चिठ्ठी तिच्यावर चिकटवली आणि उरलेला हंगाम आम्ही म्हातारीवर काढला.

जानेवारीत साहेबांनी आढावा बैठक ठेवली. साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त कटकट नको होती, आणि त्यांच्या दृष्टीनं आमच्या ऑफिसात मराठी अक्षर हीच एक कटकट होती. नाना मेअखेरीला निवृत्त होणार होते. म्हातारी केव्हाही मान टाकेल अशी होती. म्हणून पुढच्या छाटणीपासून पत्रक इंग्रजीत काढावं, असं साहेबांच्या मनात होतं. हे आम्हाला नानांनीच सांगितलं. आडोशाच्या हाताखालून त्यांनी तेवढं वाचलं होतं.

सांगून झाल्यावर नानांनी आपली लांबट वही मिटली. ते म्हणाले, "मी गेल्यावर माझं नाव नको राहायला. पत्रक राहू द्या." बस, एवढंच. पण त्यानंतर ते बराच वेळ म्हातारीची धूळ पुसत बसले होते.

बैठकीला शेतकऱ्यांतर्फे कोण येणार, तर त्र्यंबक तात्या. मला धक्काच बसला. इतके दिवस मी समजत होते की तात्या हे नानांनी जोडाक्षरं तपासायला रचलेलं नाव आहे. तात्या वणीजवळच्या एका खेड्यातले. पांढरी टोपी, हातात द्राक्षांची करंडी, सत्तरीचे असतील. पहिलं मराठी पत्रक निघालं तेव्हा ते वाचून नानांना पहिला फोन त्यांनी केला होता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि येत नाही याची लाजही वाटत नव्हती.

साहेबांनी आलेख आपल्या नव्या लॅपटॉपवर काढून दाखवायला सांगितला. नाना म्हणाले, म्हातारीवर दाखवतो. साहेब म्हणाले, नाही, यावरच. मी काढला. भिंतीवर भला मोठा आलेख उमटला, आणि त्यावर नुसत्या चौकटी. या लॅपटॉपमध्ये फॉन्ट ठेवायचा माझ्याकडून राहून गेला होता.

साहेब समाधानानं म्हणाले, "बघा. हेच म्हणतोय मी. आता हे कोणाला वाचता येणार?"

"मला," तात्या म्हणाले. उठून भिंतीजवळ गेले आणि रेघेवर बोट ठेवलं. "ही चारखणी, म्हंजी भुरी. सोमवार, मंगळवार, बुधवार… बुधवारी चढती. आन ही पाचखणी खालीच झोपेल हाय. म्हंजी बुधवारच्या आत भुरीचं औषध, बाकी काय नाय."

तंतोतंत बरोबर होतं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. फक्त नाना वाजवत नव्हते. ते साहेबांकडं बघत होते, कारण पुढं काय येणार ते त्यांना आधीच दिसलं होतं.

"वा," साहेब म्हणाले. "म्हणजे यांना चौकटीसुद्धा वाचता येतात. मग इंग्रजी दोन शब्द शिकायला काय हरकत आहे? मराठीचा हट्ट कशाला?"

नानांनीच शिकवलेली युक्ती नानांच्याच मुळावर आली होती. त्यांचा चेहरा इतका पडला की मला साहेबांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला.

तात्या अजून भिंतीपाशीच होते. ते म्हणाले, "साहेब, घरातली लाइट गेली तर मी अंधारात बी जेवतो. घास काय नाकात जात नाय. पन म्हून काय रोज अंधारातच वाढाल का?"

आणि नेमकं तेव्हाच वर कोणीतरी पाणी तापवायला लावलं. दिवे गेले, भिंतीवरचा आलेख गेला. काळोखात नानांचा आवाज आला, "तात्या, ठरवून केलं का?" साहेबांना हसू आवरलं नाही. माणूस एकदा हसला की त्याला कठोर निर्णय घेणं अवघड जातं. लाइट आल्यावर त्यांनी सांगितलं, मराठी राहील, पण एका अटीवर. मेअखेर, नाना जाण्याआधी, पत्रक नव्या मशीनवर बिनचूक निघालं पाहिजे. नाही निघालं तर ऑक्टोबरपासून इंग्रजी.

पुढचे चार महिने आम्ही त्या पहिल्या वेलांटीच्या मागे होतो. नाना कीबोर्डला हात लावायला तयार नसायचे. "मी जाणार. हात तुमचे पाहिजेत," असं म्हणत ते शेजारी बसायचे आणि चुका दाखवणारे संदेश मला शेवटपर्यंत वाचायला लावायचे. एप्रिल संपत आला तरी वेलांटी उजवीकडंच. मी हात टेकले. नानाही दोन दिवस नुसती वही चाळत बसले.

तिसऱ्या दिवशी ते घरून एक जुनी लग्नपत्रिका घेऊन आले. त्यांनीच कधीकाळी जुळवलेली. वर गणपती, खाली नावं. पत्रिका माझ्यापुढं ठेवून विचारलं, "ताई, हा गणपती खिळ्यांच्या कोणत्या खणातला?"

"कोणत्याच नसेल. चित्र आहे ते."

"चित्राचा ठोकळा वेगळा. खिळे वेगळे. गणपतीला मी कधी ‘चि. सौ. कां.’ लिहायला सांगितलं नाही. ठोकळा त्याच्या जागी बसवायचा, अक्षरं आपल्या जागी बसवायची, आणि दोन्ही एकत्र छापायचं." मग स्क्रीनकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्या बिचाऱ्याला रेघा येतात, अक्षरं येत नाहीत. मग आपण त्याला अक्षरं काढायला लावतोच कशाला?"

मी कागद ओढून घेतला. आलेखाच्या सॉफ्टवेअरनं फक्त रेघा काढायच्या. नावं, वार, मथळा हे सगळं ज्याला मराठी नीट येतं अशा दुसऱ्या प्रोग्रॅमनं त्यावर आपापल्या जागी ठेवायचं. आवृत्ती बदलो, यादी बदलो, रेघेला काय फरक पडतो? चार महिने मी दाराशी झगडत होते आणि शेजारची खिडकी सताड उघडी होती. तीन दिवसांत मी ते लिहून काढलं. चौथ्या दिवशी साहेबांच्या त्याच लॅपटॉपवर ओळ आणली आणि या वेळी मी नानांना म्हटलं, "वाचा."

"त्र्यंबक तात्यांच्या द्राक्षांवर स्वच्छ ऊन पडू द्या," नानांनी वाचलं. मोठ्यानं, न अडखळता. मग चष्मा काढून पुसला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

निरोप समारंभात नाना फार बोलले नाहीत, हे साहेबांनी वहीत टिपून घेतलं असेल. जाताना म्हातारीवरची चिठ्ठी त्यांनी सोलून काढली आणि मला नवीन लिहायला लावली, माझ्या अक्षरात. ती नव्या मशीनवर लावली, आणि वही माझ्या खणात ठेवली.

ऑक्टोबरमध्ये छाटणीनंतरचं पहिलं पत्रक निघायचं होतं, त्या सकाळी नाना अचानक ऑफिसात हजर. म्हणाले, नाशिकमध्ये काम होतं. काम काय ते सांगितलं नाही. पाहुण्यांच्या खुर्चीत बसले, मशीनकडं पाठ करून. मी ओळ वाचली, आलेख उघडून पाहिला, गटावर टाकला. मग आम्ही फोनची वाट बघत बसलो.

एकही फोन आला नाही. अकरा वाजले, एक वाजला, डबा खाऊन झाला. दोनदा नानांनी आपला फोन खिशातून काढून चालू आहे ना ते पाहिलं.

"कोणाचाच नाही?" चार वाजता त्यांनी विचारलं.

"कोणाचाच नाही, नाना."

"म्हणजे वाचता आलं सगळ्यांना." ते आनंदात होते, यात शंका नाही. पण इतकी वर्षं दर शुक्रवारी त्यांचा फोन वाजत होता, आणि आज तो वाजत नव्हता. मला ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. मला वाईट वाटलं, आणि त्यावर करण्यासारखं काहीच नव्हतं. हेच तर त्यांना हवं होतं.

मी त्यांना गाडीवरून दिंडोरी नाक्यावर सोडायला गेले. सटाण्याकडं जाणारी एक खासगी बस यायची होती. थांब्यावर वीस-पंचवीस माणसं, भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका. बस आली. कपाळावर तांबड्या दिव्यांची नवी कोरी पाटी लखलखत होती, आणि पाटीवर ओळीनं चौकटी. बाकी काही नाही. लोक एकमेकांना विचारायला लागले, कुठली गाडी, वणीची का कळवणची? कोणी पुढं होईना.

नानांनी मान वर करून पाटी पाहिली. ओठ हलले. आणि मग सकाळपासून गेलेलं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर परत आलं.

"स, ट, काना, ण, काना," ते म्हणाले. "पाचखणी, ताई. माझीच गाडी."

दोन ढांगांत ते बसच्या दारात पोचले. "सटाणा, सटाणा. या मावशी, टोपली द्या वर. पाच खण हायेत, मोजून घ्या. वणीला तीन असते." लोक हसत हसत चढायला लागले. नाना एकेकाला आत घेत होते, जणू बस त्यांचीच होती.

बस सुटली तेव्हा ते बसले नव्हते. दारातच उभं राहून, वरच्या पाटीकडं बोट दाखवत, कंडक्टरला काहीतरी समजावून सांगत होते. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. बहुधा जुनी यादी फेकायला सांगत असावेत.